नमुना सतरा

ओहोटी पहाटे पाचच्या आत लागली.
हरकूमावशी कमरेला टोपली बांधून चिखलात उतरली
तेव्हा पलीकडच्या चिमणीवरची ज्योत
अजून रात्रपाळीलाच होती.
मागून मी, कॉलेजचे गमबूट घालून,
हातात पिशव्या आणि मार्कर.

मावशी पायानं शोधते.
चिखलात दोन बारीक भोकं दिसली
की बाजूला टाच दाबते, वाकते,
आणि बंद मुठीसारखी एक तिसरी वर येते.
गुडघ्यापर्यंत काळं, त्यावर तेलाचा इंद्रधनुष्यी तवंग,
तो ती ओढणी झटकावी तसा हातानं बाजूला सारते.

पिशवीवर लिहिलं: नमुना सतरा. ट्रॉम्बे खाडी.
"नाव लिवलंस का गो माजं?"
म्हटलं, नमुन्याला नाव नसतं, मावशी.
"मंग कुनी धरल्या ते कसं कलनार?"

तिच्या घरी तिसऱ्या रात्रभर मिठाच्या पाण्यात असतात.
सकाळी घमेल्याच्या तळाशी वाळू.
"बघ, ओकल्या सगलं. निवल्या."
हे तिच्या आईनं शिकवलेलं, आईला तिच्या आईनं,
आणि त्यात काहीच चूक नव्हतं,
फक्त तेव्हा ओकायला वाळूच होती.

प्रयोगशाळेत मी मांस खरवडलं, वाळवलं, खलबत्त्यात कुटलं,
आम्लात विरघळवलं. पिवळा धूर निघाला, मग नुसतं पाणी.
काचेआड एक निळी ज्योत पेटते,
ती त्या पाण्यातला एकेक धातू ओळखते.
शिसं. कॅडमियम. पारा वेगळ्या मशीनवर.
प्रिंटरनं चार दशांश स्थळांपर्यंत कागद दिला.
सरांनी लाल पेनानं दोन आकड्यांखाली रेघ मारली
आणि चहाला गेले.

मला सर्दी झाली की मावशी म्हणायची,
तिसऱ्यांचा रस्सा पी, अंगी लागंल.
अंगी लागणं म्हणजे नक्की काय
ते मी आता पुस्तकात वाचलंय:
हाडात, मूत्रपिंडात, केसांच्या मुळाशी,
आणि पोटातल्या बाळाला आईच्या आधी.
उकळून जात नाही. कोकमानं मरत नाही.
वाळूसारखं ओकून टाकता येत नाही.

"मंग किती खाल्ल्या तर चालतील?"
मी हिशेब मांडला. आठवड्याला इतक्या ग्रॅम.
पण तो हिशेब साठ किलोच्या माणसाचा होता.
मावशीला रेशनच्या दुकानातल्या काट्यावर उभं केलं:
चव्वेचाळीस.
आणि आठवड्याचं तर विचारूच नये,
जे वाटे विकले जात नाहीत ते घरी येतात,
पावसाळ्याआधीच्या महिन्यांत रोजच.

ती कागद उलटा धरून बघत राहिली.
"कंपनीला धाडलास?"
अहवाल जाईल, म्हटलं. वर.
"वर म्हंजे चिमनीवर?"
मला हसू आलं, तिला नाही.
"मी उद्या बाजारात काय सांगू, ते तू मना सांग.
घ्या बाई ताज्या, थोरं शिसं हाय?
का बसूच नको? बसू नको तर काय खाऊ,
तेबी लिव त्या कागदावर."

मी त्या कागदाची घडी केली. परत उघडली.
त्यावर तेवढी जागाच नव्हती.

दुपारी तिनं ताट वाढलं.
तांदळाची भाकरी, हिरवं वाटण, नऊ तिसऱ्या.
मोजल्या, कारण आता डोळ्यांना सवय लागलीय.
शिंपल्यांवर बारीक रेघा असतात, वाढीच्या,
एकीवर अंगठा फिरवत मी बसून राहिले.
ती समोर पाटावर, पदरानं घाम पुसत.

मी खाल्ल्या. नऊच्या नऊ.
"मीठ बरोबर हाय ना गो?"
बरोबर आहे, म्हटलं.
जिभेला तेवढंच कळत होतं.