लाभ, दोन, तीन

कोपरखैरण्याला राहते, म्हटलं,
आणि कोपर दुखतंय.
केसपेपर लिहिणारा हसला.
मीही हसले. हसायला कोपर लागत नाही.

बाकी सगळ्याला लागतं.
दिवाळीनंतर एकदा मसाल्याच्या बरणीचं झाकण
माझ्याकडे बघत बसलं
आणि मी त्याच्याकडे.
मग चहाचा कप उचलताना ठिणगी,
ओला टॉवेल पिळताना, कडी लावताना,
पोरीच्या वेणीचा तिसरा पेड ओढताना.
बाहेरच्या हाडावर, तिथेच,
रुपयाएवढ्या जागेत.

महाप्यात आमची कंपनी, पंख्याचे रेग्युलेटर.
एकाला चार स्क्रू, पाळीला चारशे वीस नग.
गुणाकार मी कधी केला नव्हता.
तो केला फिजिओच्या ठोंबरे मॅडमनी,
केसपेपरच्या पाठीवर: सोळाशे ऐंशी.
"आणि एका स्क्रूला मनगट किती वेळा फिरतं?"
मी हवेत फिरवून पाहिलं. सहा.
त्यांनी पेन खाली ठेवलं.
पुढचा गुणाकार दोघींनीही केला नाही.

लाज वाटायची ती वेगळीच.
नवरा माथाडी, कांदा-बटाटा मार्केटात.
त्याच्या मानेवर पन्नास किलोची गोण,
माझ्या चिमटीत तांदळाएवढा स्क्रू.
सासूबाई पाटणहून फोनवर:
तुला गं कसलं ओझं?
मला तरी कुठे सांगता येत होतं.

तो जेवता जेवता थांबला.
"गोण वजनानं फाटत नाही," म्हणाला.
"हूक रोज एकाच जागी घुसला की
तिथली सुतळी विरते.
बघायला गोण धड,
उचलली की कांदे वाटभर."
पुढच्या मंगळवारी मॅडमनी
हाडाला चिकटलेल्या दोरीचं चित्र काढून दाखवलं.
तेही हेच होतं.
फक्त कांदे नव्हते.

रोगाचं नाव टेनिसवरून पडलंय म्हणे.
पडवळ साहेबांनी चिठ्ठी वाचली,
"कुठल्या क्लबात जाता?"
कोपरखळीच ती,
पण बसली नेमकी त्या हाडावर.
वरून टांगलेला विजेचा स्क्रूड्रायव्हर द्या, म्हटलं.
पुढच्या तिमाहीत, म्हणाले.
आधीच्या तिमाहीतही तेच म्हणाले होते.
कोपराला गूळ. चाटा.

शेजारच्या बाकावरची फरजाना इंजेक्शन घेऊन आली होती.
दीड महिना हात नवाकोरा,
मग दुखणं परत आलं, मुक्कामाला.
मी घेतलं नाही. घाबरले, हेही खरं.

कोपराखाली दोन बोटं सोडून पट्टा बांधते.
पिशवी तळवा वर करून उचलते,
भाजीवाला वाकून बघतो.
मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली,
जाड मूठ कमी आवळावी लागते.
पडवळांची पाठ फिरली की
दोन मिनिटं हात नुसता लोंबकळत ठेवते,
कुणा दुसरीचा असल्यासारखा.

आणि रात्री
शिलाई मशीनच्या काठावर हात पालथा,
मनगट बाहेर, मुठीत अर्ध्या लिटरची बाटली.
वर न्यायची ती डाव्या हातानं उचलून.
खाली मात्र उजव्यानं, एकट्यानं, सावकाश.
"थोडं दुखलं तर चालेल,
ओरडलं तर थांबा," मॅडम म्हणाल्या.
"दोरी भरून येते ती उतरवताना."
आयुष्यभर मी घाईनंच उतरवत आले,
पातेली, पाणी, दिवस.

तीन महिने लागतील. आज सव्विसावा दिवस.
तो आंघोळ करून समोर बसतो
आणि गोणी मोजतात तसं मोजतो.
एकाला एक म्हणत नाहीत त्यांच्यात.
लाभ
बाटली खाली येते.
दोन
"हळू. ट्रक नाही लागलेला."
तीन

बरणी अजून तोच उघडून देतो,
आणि मसाला काढून झाला की
सवयीनं
परत घट्ट लावतो.