उजवा झाकला तेव्हा

एप्रिलात तांडापेठेच्या अंगणवाडीत
कूलर होता, पाणी नव्हतं.
मी टॉर्च, चार चित्रांचं कार्ड
आणि दहा फूट मोजलेली सुतळी घेऊन बसले.
अठ्ठावीस पोरं. त्यातली सहा झोपलेली,
एकाच्या तोंडात माझ्या पेनचं टोपण.

मैथिली निमजे. तीन वर्षं दोन महिने.
तिचा डावा डोळा तळहातानं झाकला.
सफरचंदाला ती म्हणाली, "टमाटर."
घराला, "मावशीचं."
गोलाला, "भाकर."
सगळं बरोबर. मी टमाटरच लिहून घेतलं.

मग उजवा झाकला.
तिनं हात ढकलला.
पुन्हा ठेवला तर बोटाला चावली,
आणि अशी रडली की झोपलेले सहाही उठले.

"तोंडावर हात चालतच नाही बाप्पा तिले,"
आई म्हणाली, "लय हट्टी पोट्टी आहे."
मघाशी चालला होता ना, मी विचारलं.
आई गप्प झाली.
पलीकडच्या मागाची खटखट
एकदम जवळ आल्यासारखी वाटली.

टॉर्च मारला. दोन्ही बुबुळांत ठिणगी मधोमध.
तिरळा नाही, लाल नाही, पाणी नाही.
असा डोळा घरात कुणाला सापडत नाही.
शेजारचा त्याचंही काम करतो,
आणि पोर दाराला धडकतही नाही.

माझाही असाच राहून गेला.
बाविसाव्या वर्षी, गिरीपेठेत, लायसन्सच्या रांगेत
कुणीतरी म्हणालं, आता दुसरा झाका.
मी झाकला,
आणि विचारलं, लाइट गेली का?

मेडिकलमधून चष्मा मिळाला, पट्टी मिळाली.
"चांगल्या डोळ्यालेच काऊन बांधता?"
बापानं विचारलं, सुताच्या लडीवरून हात न काढता.
उत्तर मला येत होतं,
पण त्याच्या तोंडाकडे बघून नीट जुळेना.
रोज दोन तास, एवढंच म्हणाले.

जूनमध्ये गेले तेव्हा
उजव्यावर पट्टी, वर घसरणारा चष्मा,
मैथिली मागाखाली बसून
फरशीवरचा लाल धागा चिमटीत धरत होती.
एकदा हुकली.
दुसऱ्यांदा फरशीच चिमटली.
तिसऱ्यांदा पट्टीकडे हात गेला,
आईनं "अंहं" म्हटल्यावर परत आला.
बापानं माग थांबवला होता.

चौथ्यांदाचं मला माहीत नाही.
पुढच्या घरी दोन महिन्यांचं बाळ होतं,
ते जागं असेपर्यंत पोचायचं होतं,
आणि टॉर्चचा सेल बदलायचा होता.