पहिला हात

लक्ष्मीपुरीतून दोन छोटे डबे आणले,
नुसते बघायला.
दस्तगीरनं सोफ्यामागच्या भिंतीवर
वहीच्या पानाएवढे दोन चौकोन ओढले.
डावा माझा : थंडीतल्या पहाटे
रंकाळ्याचं पाणी असतं तसा, निळसर राखी.
उजवा यांचा : गुळाचा.
तोही बाजारातला पिवळाजर्द नव्हे,
काहिलीच्या कडेला चिकटून राहतो तो,
जरासा करपट.

यांचं म्हणणं, राखी भिंत म्हणजे
सीपीआरचा वॉर्ड.
माझं म्हणणं, पिवळी भिंत म्हणजे
मे महिन्यात घरात आणखी एक चूल.
दस्तगीर म्हणाला, वैनी, अर्धी-अर्धी करूया का,
तांबडा-पांढरा वाढतात तशी?
कुणी हसलं नाही.
त्यानं ब्रश पाण्यात बुडवला.

सगळं सामान खोलीच्या मधोमध, चादरीखाली,
टीव्हीसुद्धा.
आम्ही दोघं पत्र्याच्या ट्रंकेवर बसून
सिनेमा बघावा तशी भिंत बघतोय.

मग हे एक डोळा झाकतात.
उजवा. मागल्या सोमवारी ऑपरेशन झालेला.
दाबू नका, मी म्हणते.
हात काढतात. डावा झाकतात.
पुन्हा उजवा.
"अगं, तुझा रंग नव्या डोळ्याला निळा दिसतोय,
आणि जुन्याला…
जुन्याला माझ्याकडंच झुकलाय की गं."

नव्या भिंगातून म्हणे सगळं खळबळून धुतलेलं :
चुना चुन्यासारखा, दूध दुधासारखं,
पंखा किती मळलाय तेही.
जुन्यात अजून मोतीबिंदू,
त्यात सगळ्यावर गुळवणी सांडलेली.
किती वर्षं?
आठ-दहा तरी, डॉक्टर म्हणाले होते.

म्हणजे शर्वरीच्या बारशाला
मी दुधी रंगाची कोरी इरकल नेसले,
आणि हे म्हणाले, जुनी कशाला काढलीस,
पिवळी पडलीय,
आणि मी दोन दिवस बोलले नाही,
तेव्हा.

आता ते माझ्याकडे वळतात,
हात अजून डोळ्यावर.
माझ्याकडे नका बघू, मी म्हणते,
भिंतीकडे बघा.

दुसरा डोळा पुढच्या महिन्यात, अकरा तारखेला.
तोवर दस्तगीर थांबणार नाही,
जयसिंगपूरचा बंगला घेतलाय त्यानं.
पॉलिश पेपरनं भिंत घासत तो म्हणतो,
आधी प्रायमरचा एक हात तर मारू या, वैनी.
तो काय, पांढराच असतोय.

"कुठल्या डोळ्यानं?" हे विचारतात.