भाणाच्या बुडाशी

मी गिझर बसवतो. डिचोली, मये, सर्वण, कारापूर.
न्हाणीत शिरलं की आधी जुनं भाण उतरवायचं,
तांब्याचं, चुलीने बुडाशी काळं केलेलं,
मग भिंतीला भोकं.

पिळगावात सत्यवती गावकरांचं भाण उलटं केलं
तर बुडाला ठिगळ, वीतभर, चौकोनी,
त्यावर उठून आलेल्या रेघा.
उगाच सुचलं म्हणून
गिझरच्या खोक्यातला कोरा कागद ओला केला
आणि भाकरी थापावी तसा थापला.
सोलून काढला, तर काजळीने छापलेला एक माणूस,
गुडघे पोटाशी,
बरगड्यांतून गाड्या जाताहेत लाल मातीच्या,
आणि कडेने वेलीसारखी वळत गेलेली ओळ:
निजला आहे त्याला डोंगर म्हणू नका.

अगो बाई, हे सगुण कंसाराचं, सत्यवती म्हणाल्या.
तेव्हा खाण कुठे होती इथे?

सगुण तांब्यावर उलटं लिहायचा,
राळ नि मेण कालवून, खारीच्या केसांच्या कुंचल्याने.
वरून तेजाब.
लिहिलेलं उरायचं, बाकीचा पत्रा खाल्ला जायचा.
द्वारका पानं रंगवायची: हळद, नीळ, भिरंडाची साल.
एकाच चित्रातलं आभाळ एका प्रतीत पिवळं, दुसरीत जांभळं,
त्या आठवड्यात घरात जे असेल ते.
तिला अक्षरं त्यानेच शिकवली, तीही उलटीच.
लहानपणी त्याला फणसावर दिवे घेतलेली माणसं दिसली होती.
बापाने पळीने मारलं.
मोठेपणी दिसली तेव्हा मारायला कोणी नव्हतं.

एकदा आद्मिनिस्त्रादोर आला, शिपाई, दुभाषी घेऊन.
सरकारविरुद्ध काय कोरतोस?
दुभाष्याने पत्रा अर्धा तास फिरवून फिरवून पाहिला.
ही मराठी नाही, सिन्योर.
सगुण म्हणाला, अजून व्हायची आहे.

नऊ प्रती खपल्या.
एक म्हापशाच्या बाजारात, चण्यांभोवती.

तो गेल्यावर पत्रे तांदळाच्या पेटीखाली होते.
तांदूळ संपले त्या वर्षी द्वारकेने ते दिराला वजनावर दिले.
दीरही कंसार. त्याने न वाचता ठिगळं लावली,
अशी पक्की की आजवर एक थेंब गळला नाही.
तीन पिढ्या त्या पुस्तकावर तापलेल्या पाण्याने न्हाल्या
आणि कुणाचं काही बिघडलं नाही, सुधारलंही नाही.

माझ्याकडे अकरा पानं झाली. क्रम ठाऊक नाही.
भंगारवाल्याआधी पोचायचं म्हणून
फिटिंगचे शंभर रुपये कमी घेतो.
बायको विचारते, धंदा करतोस की काय.

बारावं कासरपालला, द्वारकेच्याच घरात.
कागद लावला, सोलला,
अक्षरं उलटी आली.
वाटलं, कागदच चुकून उलटा धरला.
मग भाणाखाली, चुलीच्या तोंडाशी, आडवा झालो,
राख कानात गेली, मोबाइलचा दिवा लावला.
इथून सरळ दिसत होती.
छापायला लिहिलीच नव्हती तिने.
वाकडी, जाड, पहिल्यांदाच सरळ काढलेली अक्षरं,
जाळ घालणाऱ्याने वाचायची:

पाणी तापलं. ऊठ.

पुतणी दारातून म्हणाली, काय रे, किती वेळ?
म्हटलं, वायरिंग जुनं आहे.