चोक

उदगीरला, दाळ मिलच्या रस्त्याला माझं दुकान आहे.
मोटार रिवाइंडिंग, पंखे, कूलर, बोअरचे पंप.
मोटार खोलायच्या आधी
मी नुसत्या आवाजावरून सांगतो
बेअरिंग गेलंय का कॉइल.
लोक म्हणतात, काशिनाथ आप्पाचा कान म्हणजे मीटर.

त्या कानानं
माझ्याच घरातलं ऐकलं नाही
चार वर्षं.

दिवेलागण झाली की बसवेश
कानांवर तळहात दाबून दाराच्या मागं बसायचा,
पुढं-मागं, पुढं-मागं,
आणि गळ्यातून एकच सूर काढायचा,
लांब, सपाट, न तुटणारा.
जवळ घ्यायला गेलं की चावायचा.
नाव घेतलं तर वळायचा नाही.
तिसऱ्या गल्लीत मिलचा पट्टा सुरू झाला
तर वळायचा.

सांगणारे मायंदाळ.
शैलजानं ग्रहणात भाजी चिरली असंल.
मोबाईल दिला असंल हातात.
वेखंड उगाळून चाटवा मधातून.
बोलतंय की उशिरा, आमचा भाचा पाचव्या वर्षी बोलला,
आता तहसीलला हाय.
लातूरच्या डॉक्टरबाईंनी कागदावर लिहून दिलं,
स्वमग्नता.
येताना बसमध्ये शैलजानं तो कागद
चार घड्या करून ब्लाऊजमध्ये ठेवला,
आणि अहमदपूर मोडपर्यंत
आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत राहिलो,
एकाच खिडकीबाहेर.

मग वैशाखात एकदा, सातच्या सुमाराला, लाईट गेली.
डीपी जळाली होती.
गल्ली शिव्या देत ओट्यावर आली.
शैलजा काड्यापेटी शोधत होती
आणि बसू थांबला.

हात कानांवरून खाली आले.
एक बोट भिंतीवरून फिरवत तो अंधारात चालत आला
आणि माझ्या पायांवर बसला,
पाटावर बसावं तसा.

मी हललो नाही.
पायाला मुंग्या आल्या तरी हललो नाही.

दीड तासानं लाईट आली.
पोरं ओरडली, आलीऽऽ!
आणि डोक्यावर, ट्यूबच्या पट्टीत,
चोक गुणगुणायला लागला.
बसूच्या गळ्यातला तोच सूर.
लांब, सपाट, न तुटणारा.

चार वर्षं लेकरू मला सांगत होतं
फॉल्ट कुठं आहे.

स्टुलावर चढून मी चोक उपटून काढला.
हातात गरम लागला.
स्वमग्न म्हणे.
याच्यात तर सगळं जग घुसत होतं,
घराला दारच नसल्यासारखं.

आता ते बरं झालं, असं समजू नका.
अजून बोलत नाही.
पांढरा भात खातो, वरण दिसलं तर ताट ढकलतो.
कटिंगला दोन माणसं लागतात.
शाळेनं दोनदा परत पाठवलाय.
शैलजा रात्री रडते, कधी मी,
पाण्याच्या पाळ्या लावल्यासारखं.

शनिवारी दुपारी मी शटर अर्धं ओढतो.
देगलूरहून नजमाबी येते अल्फियाला घेऊन,
जळकोटहून सुरनर गुरुजी, नातवाला.
चार घरं. कधी तीन. एकदा आम्हीच.
कुणी कुणाला उपाय सांगायचा नाही,
हा शैलजाचा नियम.
अल्फिया तांब्याच्या तारेचं रीळ फिरवत बसते,
गुरुजींचा नातू टेबलाखाली.
कुणी कुणाच्या पोराकडं टक लावत नाही.
नजमाबी गेल्या खेपेला कप खाली ठेवून म्हणाली,
"पाच साल में पैली बार
किसी के घर पूरी चाय पी मैं, भाभी."
शैलजा तेवढ्यावर आत निघून गेली.

सोमवारी मी शाळेत जाणार आहे.
हेडमास्तरांना समजावून सांगणं मला जमायचं नाही,
तो कागदही नेणार नाही.
स्टूल नेणार आहे.
वर्गात मधोमध, पट्टीच्या खाली ठेवीन,
आणि म्हणीन,
सर, चढा.
दोन मिनिटं कुणी बोलू नका.