मजला शून्य

चौथी म्हणून घेतलं मला.
नियमच होता, चौघांखालचा संघ चालणार नव्हता,
आणि तोर्निकेला ठाऊक होतं
मी भाषाशास्त्राची, शनिवार-रविवार रिकामी असते.
"तू फक्त बोलायचं," तो म्हणाला, "शेवटी. पाच मिनिटं."
म्हणजे आधीचे छत्तीस तास गप्प.

कल्पना ग्वांत्साची.
तिबिलिसीतल्या जुन्या इमारतींत
लिफ्टमध्ये अजून पत्र्याची डबी असते,
दहा तेत्रींचं नाणं पोटात गेल्याशिवाय
ती जागची हलत नाही.
आम्ही ते फोनवर आणणार होतो.
बार्बारेनं नाव सुचवलं, 'नाणेमुक्त जिना'.
जिना म्हणजे लिफ्ट नव्हे, मी म्हटलं.
हे माझं पहिलं योगदान.
तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजले होते.

विद्यापीठाची व्यायामशाळा,
बास्केटबॉलच्या रेघांवर साठ टेबलं,
वायरींत पाय, पायांत वायरी.
खाचापुरी गार होऊन तिचं चीज
खोडरबरासारखं झालेलं, तरी खात होतो.
तोर्निके टाइप करताना ओठ हलवतो,
उसने पैसे मोजणाऱ्या माणसासारखा.

बुटांच्या खोक्यांची नऊ मजली इमारत केली मी,
(बसून काय करायचं)
खिडक्यांना चहाच्या पुड्यांचे कागद,
आत काड्यापेटीची लिफ्ट, दोरा, छोटी मोटर.
फोनवर चार दाबा, काड्यापेटी पाचव्यावर.
सहा दाबा, सातव्यावर.
नऊ दाबलं की सगळंच बंद,
पडदा काळा, मोटर मुकी.

पहाटे तीनला मोटर बदलली.
चारला दोरा.
बार्बारे बाहेर जाऊन रडून आली,
तोंड धुऊन, वेणी नव्यानं घालून,
आणि कुणी काही विचारलं नाही.
दोऱ्याला ताण कमी म्हणून दोरा कापला,
ताण जास्त म्हणून पुन्हा जोडला,
सगळ्यांवर संशय घेतला,
खोक्यांवर, विजेवर, माझ्या डिंकावर.

परीक्षकांत बँकेच्या एक बाई होत्या,
बोटात जाड अंगठी.
कितवाही मजला दाबा, तोर्निके म्हणाला,
आणि त्याचे डोळे म्हणत होते, कृपा करून सात दाबू नका, नऊ तर नकोच.
त्यांनी नऊ दाबलं.

मग माझी पाच मिनिटं आली.
काळ्या पडद्यासमोर उभी राहून मी
आमच्या नवव्या मजल्यावरच्या त्सिआलाबद्दल बोलले,
दाराशी नाण्यांची बरणी ठेवते ती,
पाहुणा निघाला की ओंजळीत एक नाणं ठेवते,
पुन्हा येशील तेव्हाचं, म्हणते.
बाई हसल्या. काहीतरी लिहिलं.
बक्षीस रिकामं पार्किंग शोधणाऱ्यांना मिळालं.

घरी पोचले तर अंधार पडला होता.
फोन मेलेला, खिशात एक तेत्री नाही.
(मीच ना ती, नाणेमुक्त.)
चढायला लागले.
टपालपेट्यांपाशी सवयीनं म्हटलं, एक.
लहानपणापासून म्हणते.
दोन. तीन. चार.
पाचवर पाय थबकला.

अरे.

यंत्र शून्यापासून मोजतं.
तोर्निकेनं तसंच लिहिलं, शिकवलंच तसं आहे.
पण आमच्याकडे जमिनीला लागून असलेला मजला पहिला,
तिथं आन्झोर चांभार राहतो,
त्याला शून्य म्हणून बघा एकदा.

एका आकड्याची चूक.
छत्तीस तास ती आमच्या मांडीला मांडी लावून बसली होती,
आमचीच खाचापुरी खात.
पायरीवर बसले. हसू येत होतं,
सांगायला कुणी नव्हतं.
गळ्यातल्या ओळखपत्राच्या पाठीवर
पेनानं लिहून ठेवलं: उणे एक.

तेवढ्यात खाली नाणं पडल्याचा आवाज झाला.
लिफ्ट कण्हली, निघाली.
दाराच्या फटीतून उजेडाची पट्टी माझ्या गुडघ्यांवरून गेली,
मागे भट्टीतल्या गरम पावाचा वास,
आणि वर कुठंतरी ती थांबली.
कान देऊन ऐकलं.
नवव्यावरच.

उठले.
सहा, म्हटलं.