समुद्र डाव्या हाताला

ग्वाल्तेरनं नकाशा दिला नाही.
पावाच्या कागदी पिशवीवर
ग्रीसनं माखलेल्या बोटानं एक रेघ ओढली
आणि म्हणाला, समुद्र डाव्या हाताला ठेव.
मधे डोंगरात तो हरवेल.
हरवू दे.

सायकल त्याच्या बहिणीची, देओलिंदाची.
निळ्या रंगाचे पोपडे निघालेले,
सीट तिच्या उंचीला गंजून बसलेली.
ती बॉस्टनकडे कुठेशी गेली, बावीस वर्षं झाली.
"हँडल जरा डावीकडे ओढतं," तो म्हणाला,
"तीही ओढायची."

पिको बेटाचा उत्तर किनारा.
लाव्हा पाण्यात शिरता शिरता जिथं थिजला
तिथं काळे गडगे, गडग्यांच्या आत गडगे,
एकेका खणात दोन-तीन द्राक्षवेली
वाऱ्याकडे पाठ करून बसलेल्या.
माती अशी नाहीच.
कातळाच्या भेगांत मुठीमुठीनं आणून घातली म्हणे,
शेजारच्या बेटावरून, होडीतून.
बैलगाड्यांची चाकोरी दगडात उतरलेली,
इतकी खोल, की माझं पुढचं चाक तिच्यात पडलं
आणि मी शंभरेक पावलं मुकाट
कुणा मेलेल्या गाडीवानाच्या मर्जीनं गेले.

मग चढ.
पहिल्या गिअरच्या खाली गिअर नसतो,
फक्त शिव्या असतात.
हायड्रेंजियाची निळी कुंपणं, कुंपणांमागे गायी,
गायींमागे ढग, ढगामागे ज्वालामुखी,
असं सगळे सांगतात.
मला दिसला नाही.
मला दिसली रस्त्याच्या मधोमध एक गाय
रवंथ करत बसलेली, घरमालकिणीसारखी.
घंटी वाजवली. तिनं एक कान हलवला.
मी उतरले, तिला वळसा घातला,
पुन्हा चढले.

उतार मात्र उधळलाच.
डोळ्यांतून पाणी, ब्रेकच्या रबराचा जळका वास,
आणि एकदम खाली लाजेश गाव, पांढरं,
समोरच समुद्र,
हात कुठला ते अजून ठरायचं होतं.

गावात शिरताना वळणावर घंटी वाजवली
तर एका दारातून हाक आली,
"देओलिंदा!"
म्हातारी. मांडीवर शेंगांचं टोपलं,
डोळ्यांवर साय धरलेली.
तिनं मला नव्हतं, घंटीला ओळखलं होतं;
ती घंटी फुटक्या वाटीसारखी वाजते.
"आलीस?"

मला पोर्तुगीज येतं ते पाणी मागण्यापुरतं,
पण नाही म्हणायला एक शब्द पुरला असता.
मी घंटी पुन्हा वाजवली.
म्हातारी मान हलवून शेंगा सोलू लागली,
जणू मी सकाळीच पाव आणायला गेले होते
आणि जरा उशीर केला होता.

संध्याकाळी ग्वाल्तेरनं विचारलं, कसा होता रस्ता?
म्हटलं, हँडल ओढतं डावीकडे.
सांगितलं होतं ना, तो म्हणाला,
आणि चेनला तेल घालायला वाकला.
म्हातारीचं मी काही बोलले नाही.
सीट तेवढी ओढणीनं पुसली
आणि होती त्याच उंचीवर राहू दिली.